तीव्रावस्थेतील रुग्ण आणि भौतिकोपचारतज्ज्ञ : जीबीएसच्या साथीच्या निमित्ताने

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात आणि त्याला लागून असलेल्या किरकटवाडी, नांदोशी, नांदेड, धायरी या भागांत गुलेन-बारे सिंड्रोम, अर्थात जीबीएस, या व्याधीचे रुग्ण एकाएकी मोठ्या संख्येने आढळले. एरवी लाख लोकसंख्येमागे वर्षाकाठी एक ते दोन रुग्ण, असे या व्याधीचे प्रमाण असते. येथे मात्र काही आठवड्यांतच संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या पुढे गेली. काही रुग्णांच्या मलाच्या नमुन्यांत कँपिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आढळला आणि पिण्याच्या पाण्याकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले.

त्या काळात वृत्तपत्रांतून चर्चा झाली ती मुख्यतः पाण्याची, इंजेक्शनांच्या किमतीची आणि व्हेंटिलेटरची. या तिन्हींचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि अतिदक्षता विभागात दिवसातून दोन-तीन वेळा रुग्णाच्या शय्येजवळ येऊन त्याचा श्वास, त्याचे स्नायू, त्याचे सांधे यांची परीक्षा करणारी आणि त्याला पुन्हा उभे करण्याचा पाया घालणारी जी व्यक्ती असते, त्या भौतिकोपचारतज्ज्ञाविषयी फारसे कोणी बोलले नाही. आपल्या वैद्यवर्गातही ‘फिजिओ म्हणजे व्यायाम करून घेणारा’ एवढीच समजूत पुष्कळदा दिसते. तीव्रावस्थेतील रुग्णाच्या बाबतीत ही समजूत किती अपुरी आहे आणि या शाखेतील ज्ञान आपणास कोठे उपयोगी पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

या विषयाचा आपल्याशी संबंध दोन ठिकाणी येतो. पायांत मुंग्या, कंबरदुखी, जिना चढताना गुडघ्यात बळ न वाटणे या तक्रारी घेऊन असा रुग्ण प्रारंभी आपल्याकडेच ‘वाताचा त्रास’ म्हणून येण्याचा संभव असतो. रुग्णालयातून घरी आल्यानंतर राहिलेल्या दौर्बल्यासाठी, अभ्यंगासाठी, तैलासाठी तो पुन्हा आपल्याकडे किंवा औषधविक्रेत्याकडे येतो. पहिल्या वेळी विलंब झाला तर जिवावर बेतते; दुसऱ्या वेळी घाई झाली तर मिळवलेले बळ जाते.

व्याधीचे स्वरूप

जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच परिधीय मज्जातंतूंवर आघात करते. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत आधीच्या सहा आठवड्यांत अतिसार किंवा श्वसनमार्गाचा संसर्ग होऊन गेलेला असतो. दौर्बल्य बहुधा पायांपासून सुरू होते, दोन्ही बाजूंस सारखे असते आणि वर चढत जाते. घोट्याचे व गुडघ्याचे प्रतिक्षेप मंदावतात किंवा नाहीसे होतात. बहुतेकांत दोन आठवड्यांच्या आत आणि जवळजवळ सर्वांत चार आठवड्यांच्या आत व्याधी परमावधीस पोहोचतो. त्यानंतर काही काळ स्थिरावस्था आणि मग सावकाश सुधारणा, असा त्याचा क्रम असतो.

यांतील सुमारे २० ते ३० टक्के रुग्णांना कृत्रिम श्वसनाची गरज लागते. उत्तम सोयी उपलब्ध असूनही काही रुग्ण दगावतात आणि सुमारे पाचातील एक रुग्ण सहा महिन्यांनंतरही आधाराविना चालू शकत नाही. इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देणे अथवा प्लाझ्मा बदलणे हे दोन उपचार सिद्ध झालेले आहेत आणि ते जितके लवकर मिळतील तितके हितकर. केवळ स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, हेही सिद्ध झाले आहे. मज्जातंतूंवरील आघात या उपचारांनी आटोक्यात येत असताना रुग्णाची फुप्फुसे स्वच्छ ठेवणे, सांधे आखडू न देणे, त्वचा अभंग राखणे आणि योग्य वेळी योग्य मात्रेत हालचाल सुरू करणे, हे काम भौतिकोपचाराच्या क्षेत्रात येते.

शाखेची पूर्वपीठिका

आपल्याकडे ही शाखा रुजली तीही एका साथीमुळेच. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईत पोलिओची साथ आली आणि त्यातून के.ई.एम. रुग्णालयात भौतिकोपचाराच्या शिक्षणाची सोय झाली. पुढे महाराष्ट्रात व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद स्थापन झाली आणि २०२१ मध्ये संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी जो राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यातही या शाखेचा समावेश आहे.

रुग्णाला अंथरुणावर पाडून ठेवणे हाच विश्राम, ही वैद्यकातील जुनी धारणा होती. १९४७ मध्ये रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश चिकित्सकाने शय्येवर पडून राहण्याच्या दुष्परिणामांवर लेख लिहून या धारणेला धक्का दिला. आज त्याची मोजमापेही उपलब्ध आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातील गंभीर रुग्णांच्या मांडीच्या पुढील स्नायूचे क्षेत्रफळ पहिल्या दहा दिवसांत सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. दहा दिवसांत मांसधातूचा एवढा क्षय! जीबीएसच्या रुग्णात मज्जातंतूंच्या आघाताबरोबर हा क्षयही चालू असतो, हे ध्यानी घ्यावे.

तीव्र रुग्णसेवेतील भौतिकोपचारतज्ज्ञास नेमके काय यावयास हवे, याची मांडणी अमेरिकेतील या क्षेत्राच्या संघटनेने २०१५ मध्ये केली. तीत पाच विभाग आहेत : चिकित्साविषयक निर्णय, संवाद, सुरक्षितता, प्रत्यक्ष रुग्णव्यवस्थापन आणि घरी पाठविण्याचे नियोजन. पाचांपैकी व्यायाम करून घेण्याशी थेट संबंध एकाच विभागाचा आहे, ही बाब लक्षणीय आहे. जीबीएसचा रुग्ण डोळ्यांसमोर ठेवून ही कौशल्ये क्रमाने पाहू.

१. शय्येजवळ जाण्यापूर्वीचे वाचन

कुशल भौतिकोपचारतज्ज्ञ रुग्णाला हात लावण्याआधी त्याची नोंदपत्रिका वाचतो. व्याधीचा आज कितवा दिवस आहे? दौर्बल्य वाढते आहे, थांबले आहे की उतरते आहे? या एका प्रश्नावर दिवसाचे सारे काम अवलंबून असते. वाढत्या अवस्थेत रक्षण, स्थिरावस्थेत जपणूक आणि उतरत्या अवस्थेत क्रमाने बलवर्धन, असे उद्दिष्ट बदलत जाते.

त्यानंतर प्रयोगशाळेचे अहवाल. जीबीएसमध्ये रक्तातील सोडियम उतरू शकते. त्याने रुग्ण ग्लानीत जातो. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट्स कमी असतील तर श्रमाची मर्यादा बदलते. रक्त पातळ ठेवणारे इंजेक्शन चालू आहे काय, हेही पाहावे लागते. प्लाझ्मा बदलण्यासाठी जांघेतील शिरेत नळी घातली असेल तर त्या बाजूचे खुब्याचे वाकविणे मर्यादित ठेवावे लागते. नाकातून घातलेली अन्ननलिका, मूत्रनलिका, गळ्यातील श्वासनलिका, मनगटातील रक्तदाबाची नळी, या प्रत्येकीचे मार्ग व लांबी डोळ्यांखालून घातल्याशिवाय रुग्णास कुशीवर वळविणेही धोक्याचे असते. मूत्राची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली राहिली पाहिजे. नलिकेतून आहार चालू असताना रुग्णास सपाट झोपवू नये. हे नियम दिसावयास क्षुल्लक आहेत, पण ते मोडल्याने होणारा अपाय क्षुल्लक नसतो.

२. श्वासाची परीक्षा

जीबीएसमध्ये मृत्यूचे एक प्रमुख द्वार म्हणजे श्वसनाच्या स्नायूंचे दौर्बल्य. येथे एक मोठा सापळा आहे आणि आपल्या चिकित्सालयातही तो तितकाच लागू पडतो. बोटाला लावण्याच्या ऑक्सिमीटरवरील आकडा बराच काळ उत्तम दिसत राहतो. फुप्फुसे निरोगी असतात, भाता मात्र थकत जातो. प्राणवायूचे प्रमाण उतरते ते अखेरच्या टप्प्यात. म्हणून ‘९८ आहे, चिंता नाही’ हे वाक्य या व्याधीत उच्चारू नये.

भौतिकोपचारतज्ज्ञ येथे इतर चिन्हे पाहतो. एका पूर्ण श्वासात रुग्ण किती अंक मोजू शकतो? निरोगी प्रौढ व्यक्ती सहजगत्या तीस-चाळीसपर्यंत जाते. वीसच्या आत अडखळणे ही धोक्याची सूचना होय. उशीवरून मान उचलता येते काय? मानेच्या पुढील स्नायूंचे आणि श्वासपटलाचे बल बहुधा बरोबरीने उतरते. खोकला फुसका झाला आहे काय? आवाज नाकातून येतो काय, पाणी पिताना ठसका लागतो काय? श्वास घेताना पोट वर येण्याऐवजी आत जाते काय? रुग्णालयात याच्या जोडीला फुप्फुसांची धारणक्षमता उपकरणाने मोजतात. ती वजनाच्या दर किलोमागे २० मिलिलिटरच्या खाली जाऊ लागली की कृत्रिम श्वसनाची सिद्धता करावी लागते. सकाळी आणि सायंकाळी घेतलेल्या या मोजमापांतील उतार वेळीच चिकित्सकाच्या कानी घालणे, हे भौतिकोपचारतज्ज्ञाचे जीवरक्षक कार्य आहे.

रुग्ण व्हेंटिलेटरवर गेल्यानंतर कफ सुटण्यासाठी अंगस्थिती बदलणे, खोकल्यास हाताने साहाय्य करणे, श्वासनलिकेतील स्राव काढणे, आणि सुधारणा होऊ लागली की यंत्राचा आधार क्रमाने कमी करण्याच्या प्रक्रियेत सहभागी होणे, ही कामे येतात.

३. रक्तदाब व नाडी यांची अस्थिरता

या व्याधीत स्वायत्त मज्जासंस्थाही बाधित होते. रक्तदाब घटकेत चढतो, घटकेत उतरतो. नाडी कधी धावते, कधी धोकादायक रीतीने मंदावते. श्वासनलिकेतील स्राव काढताना एकाएकी हृदयगती उतरल्याची उदाहरणे सर्वज्ञात आहेत. रुग्णास बसते किंवा उभे करताना तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० ने अथवा खालचा १० ने उतरला तर ती स्थितिजन्य रक्तदाबन्यूनता समजावी. म्हणून प्रथम शय्येचे डोके थोडे उंच, मग पाय सोडून बसविणे, मग कलत्या मेजावर हळूहळू उभे करणे, अशा पायऱ्या असतात. पोटाला पट्टा, पायांना दाबाचे मोजे यांचीही मदत घेतात. प्रत्येक पायरीवर रक्तदाब मोजणे, चेहऱ्याचा वर्ण आणि घाम पाहणे, आणि आवश्यक तर एक पायरी मागे येणे, यात कमीपणा नाही.

४. अंगस्थिती, त्वचा आणि सांधे

हात-पाय न हलविणाऱ्या रुग्णाची टाच, माकडहाड, खुबा यांवर काही तासांतच व्रणाची सुरुवात होऊ शकते. म्हणून साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलतात. पाऊल खाली लोंबत राहिले तर पोटरीचे स्नायू आखडतात आणि पुढे मज्जातंतू सुधारूनही रुग्ण टाच टेकू शकत नाही. म्हणून घोटा काटकोनात ठेवणारी पट्टी पहिल्या दिवसांपासून हवी. कोपराच्या आतील बाजूस आणि गुडघ्याच्या बाहेरील बाजूस मज्जातंतू त्वचेखालीच असतात. आधीच दुर्बल झालेले तंतू तेथे दाबले गेले तर नवीन इजा होते. चेहऱ्याचा पक्षाघात असल्यास डोळा मिटत नाही. त्याचे रक्षण करावे लागते.

सांधे दररोज पूर्ण कक्षेत, परंतु हळुवारपणे फिरवावे लागतात. बळ लावून ताणल्यास स्नायूंना इजा होते. या रुग्णांना वेदनाही पुष्कळ असतात आणि साधा स्पर्श कित्येकांना असह्य होतो. उलटपक्षी, काहींच्या पायांची उष्णतेची संवेदना नष्ट झालेली असते. तेथे गरम पाण्याची पिशवी ठेवली तर रुग्णास न कळता भाजते. स्वेदन करणाऱ्या प्रत्येक वैद्याने हे वाक्य पुन्हा वाचावे, अशी विनंती आहे.

निश्चल पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका मोठा असतो. एका पोटरीची सूज, उष्णता, दाबल्यावर वेदना आणि दोन्ही पोटऱ्यांच्या घेरातील तीन सेंटिमीटरहून अधिक फरक ही चिन्हे दिसल्यास त्या पायाचे मर्दन व व्यायाम थांबवून चिकित्सकास कळविणे अनिवार्य. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर क्षणात अनर्थ होतो.

५. मात्रेचा विवेक

आधुनिक रुग्णालयांत ‘लवकर उठवा’ हा मंत्र झाला आहे. त्याला आधार आहे. २००९ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या १०४ रुग्णांच्या चाचणीत, व्हेंटिलेटरवर असतानाच भौतिकोपचार व व्यवसायोपचार सुरू केलेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण घरी जाताना स्वावलंबी होते; दुसऱ्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते.

पण कथा येथे संपत नाही. २०१५ मध्ये पक्षाघाताच्या २१०४ रुग्णांवरील चाचणीत, पहिल्या २४ तासांत अधिक वेळा व अधिक काळ उठविलेल्या रुग्णांचे तीन महिन्यांनंतरचे परिणाम नेहमीच्या सेवेच्या तुलनेत किंचित कमीच ठरले : चांगली स्थिती ४६ टक्क्यांत, तर दुसऱ्या गटात ५० टक्क्यांत. २०२२ मध्ये व्हेंटिलेटरवरील ७५० रुग्णांच्या चाचणीतही वाढीव मात्रेने लाभ झाला नाही. हालचालीशी संबंधित अपायकारक घटना मात्र ९.२ टक्के विरुद्ध ४.१ टक्के अशा वाढल्या. या चाचण्या जीबीएसच्या नव्हेत, हे खरे. पण त्यांतून निघणारा बोध सर्वत्र लागू आहे. हालचाल हे औषध आहे आणि औषधाला काल व मात्रा असते.

जीबीएसमध्ये तर हा विवेक अधिकच हवा. जो स्नायू गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलू शकत नाही, त्याच्यावर वजन लादू नये. व्यायाम थोडा, अनेक वेळा आणि मध्ये विश्रांती देऊन करावा. दुसऱ्या दिवशी बल उतरलेले दिसले किंवा वेदना वाढली तर आदल्या दिवशीची मात्रा अधिक झाली, असे समजावे. स्नायूंचे बल मोजण्यासाठी शून्य ते पाच अशी श्रेणी वापरतात. सहा स्नायुगट, दोन्ही बाजू, एकूण ६० गुण. हे गुण नियमित लिहून ठेवले तरच सुधारणा व घसरण यांतील भेद कळतो.

६. संवाद

व्हेंटिलेटरवरील जीबीएसचा रुग्ण बहुधा पूर्ण शुद्धीत असतो. त्याला सर्व ऐकू येते, कळते. फक्त बोलता आणि हलता येत नाही. ही अवस्था किती भयंकर असेल, याची कल्पनाच करावी. डोळ्यांची एक उघडझाप म्हणजे होय, दोन म्हणजे नाही, असा संकेत ठरविणे, अक्षरांचा फलक वापरणे, प्रत्येक कृतीआधी ‘आता आपल्याला उजव्या कुशीवर वळवतो’ असे सांगणे, हा उपचाराचाच भाग आहे. आप्तेष्टांना रोज एकच गोष्ट सांगावी लागते : सुधारणा होईल, परंतु ती आठवड्यांनी व महिन्यांनी मोजावी लागेल. परिचारिका, चिकित्सक आणि भौतिकोपचारतज्ज्ञ यांच्यातही एकमेकांस दिलेला नेमका वृत्तांत हवा; ‘रुग्ण बरा आहे’ या शब्दांनी काहीच कळत नाही.

७. घरी पाठविण्याचे नियोजन

रुग्णाचे घर कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट आहे काय? शौचालय भारतीय पद्धतीचे आहे की कमोड? रात्री उठवून बसविणारे कोण आहे? हे प्रश्न प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यातच विचारावयाचे असतात. चाकाची खुर्ची, पाऊल धरून ठेवणारी पट्टी, चालण्याचा आधार यांची व्यवस्था, घरच्या माणसास शय्येवरून खुर्चीत नेण्याचे प्रशिक्षण आणि पुन्हा रुग्णालयात यावयाची लक्षणे, हे सर्व लेखी द्यावे लागते. उपचारानंतर पहिल्या आठ आठवड्यांत काहींचे दौर्बल्य पुन्हा वाढू शकते. त्यानंतरही ते वाढत राहिले तर व्याधीच्या दीर्घकालीन प्रकाराचा विचार करावा लागतो. अशा वेळी घरीच उपचार करीत बसणे योग्य नव्हे.

आपल्या शास्त्राची दृष्टी

वरील विवेचन वाचताना सुज्ञ वाचकांच्या मनात अनेक संहितावचने जागी झाली असतील. चरकाचार्यांनी चिकित्सेच्या चार पादांत उपस्थात्याला, म्हणजे परिचारकाला, स्थान दिले आणि त्याच्याकडून उपचारज्ञता, दक्षता, अनुराग व शुचिता यांची अपेक्षा केली. उपचारज्ञता हा पहिला गुण आहे, हे विसरता कामा नये.

दुसरे स्मरण ऊरुस्तंभाचे. पायांचे बल जाते, ते परक्याचे वाटू लागतात. पण केवळ वात समजून स्नेहन केले तर व्याधी वाढतो, असा स्पष्ट इशारा चरक चिकित्सास्थानाच्या सत्ताविसाव्या अध्यायात आहे. त्याच अध्यायात दोषशमनानंतर वाळूवरून चालणे आणि नदीत पोहणे असा क्रमिक व्यायामही सांगितला आहे. जीबीएस म्हणजे ऊरुस्तंभ, असे समीकरण मांडण्याचा येथे हेतू नाही. बलहानी दिसली की तैल, ही सवय आपल्या शास्त्राला संमत नाही, एवढेच दाखवावयाचे आहे. अवस्था पाहावी, मग कर्म करावे. व्यायाम अर्धशक्तीने करावा, ही मर्यादाही आपलीच. मुखाने श्वास सुरू होणे ही त्या अर्धशक्तीची खूण सुश्रुताचार्यांनी सांगून ठेवली आहे.

चिकित्सालयात काय करावे?

एक प्रातिनिधिक चित्र पाहू. चाळिशीचा पुरुष, दोन आठवड्यांपूर्वी जुलाब झालेले. चार दिवसांपासून तळपायांत मुंग्या, कंबर दुखते, कालपासून जमिनीवरून उठताना हाताचा आधार लागतो. तो अभ्यंग व पत्रपोट्टली स्वेद करण्याची इच्छा व्यक्त करतो. येथे पुढील गोष्टी पाच मिनिटांत पाहता येतात :

– दौर्बल्य दोन्ही बाजूंना आहे काय आणि ते दिवसागणिक वाढते आहे काय?
– टाचांवर व चवड्यांवर चालता येते काय? खुर्चीतून हाताविना उठता येते काय?
– घोट्याचे व गुडघ्याचे प्रतिक्षेप मिळतात काय? रबरी हातोडी प्रत्येक चिकित्सालयात असावी.
– एका श्वासात किती अंक मोजता येतात? मान उचलता येते काय?
– डोळे घट्ट मिटतात काय, गिळताना त्रास होतो काय?
– मूत्राचा अवरोध किंवा गुदाभोवती बधिरता आहे काय? असल्यास मेरुरज्जू किंवा त्याखालील मज्जातंतूंच्या दाबाची शंका घ्यावी. तोही तातडीचाच विषय आहे.

दौर्बल्य वाढते आहे आणि प्रतिक्षेप मंद आहेत, एवढे दोनच मुद्दे जुळले तरी रुग्णास त्याच दिवशी अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे. ‘दोन दिवस पाहू’ असे म्हणू नये. पोटॅशियमची न्यूनता आणि ग्रामीण भागात मण्यारदंश हीही एकाएकी येणाऱ्या दौर्बल्याची कारणे आहेत. पहाटे पापण्या जड होऊन उठलेला रुग्ण असेल तर दंशाचा व्रण दिसत नसला तरी त्याचा विचार करावा. पंधरा वर्षांखालील बालकात एकाएकी आलेला कोणताही शिथिल पक्षाघात शासकीय आरोग्य यंत्रणेस तत्काळ कळविणे आवश्यक असते. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला असला, तरी ही देखरेख थांबलेली नाही आणि तीत वैद्यांचा वाटा मोठा आहे.

औषधविक्रेत्या बंधूंनाही एक सूचना. महानारायण तैल किंवा वातविध्वंस रस मागणाऱ्यास ‘त्रास किती दिवसांचा? दोन्ही पायांत का? अलीकडे जुलाब किंवा ताप आला होता का?’ हे तीन प्रश्न विचारण्यास अर्धे मिनिट लागते. उत्तरे संशयास्पद असतील तर बाटली देण्याऐवजी रुग्णालयाचा रस्ता दाखवावा. एक विक्री जाईल. परंतु एक जीव वाचू शकेल.

रुग्ण घरी आल्यानंतर

स्थिरावस्था संपून सुधारणा सुरू झाली, उपचार करणाऱ्या चिकित्सकांची संमती असली, म्हणजे मृदु अभ्यंगाचा विचार करता येतो. त्यापूर्वी रुग्णालयातून घरी पाठवतानाचा अहवाल पूर्ण वाचावा. कापसाचा स्पर्श, टाचणीचे टोक आणि कोमट-थंड यांची संवेदना तपासावी. पोटऱ्यांचा घेर मोजावा. तैल स्वतःच्या कोपराला सोसेल इतकेच कोमट असावे. रक्तदाब अस्थिर असेपर्यंत सर्वांगस्वेद टाळावा. अभ्यंगानंतर रुग्णास एकदम उठवू नये. व्यायामाच्या वेळेआधी दीर्घ कर्म करून त्याला थकवू नये. भौतिकोपचारतज्ज्ञाशी बोलून दिवसाचे वेळापत्रक ठरवावे. आपल्या कर्माने मज्जातंतू पूर्ववत होतील, असा दावा करू नये. वेदना, झोप, कोष्ठ, अग्नी आणि मनोबल यांकडे लक्ष देणे हेही पुरेसे मोठे काम आहे. अग्निदीपन साधून मग क्रमाने बृंहण, ही आपली पद्धत महिनोन्‌महिने क्षीण झालेल्या रुग्णास धीर देते.

व्यवहारातील एक सूचना करून लेख आटोपता घेतो. प्रत्येक वैद्याने आपल्या परिसरातील एका भौतिकोपचारतज्ज्ञाशी आणि एका मज्जाविकारतज्ज्ञाशी परिचय ठेवावा. रुग्ण पाठविताना दूरध्वनीवर विसंबू नये. दौर्बल्याची सुरुवात, प्रतिक्षेप, श्वासातील अंकसंख्या, नाडी, रक्तदाब आणि आपण दिलेली औषधे यांची एका पानाची चिठ्ठी सोबत द्यावी. अशी चिठ्ठी घेऊन गेलेल्या रुग्णाची विचारपूस वेगळ्या गांभीर्याने होते आणि पुढे तोच रुग्ण तितक्याच स्पष्ट अहवालासह आपल्याकडे परत येतो. आपल्या शाखेतील तालुका-जिल्हा पातळीवरील सभांमधून एखाद्या सत्रास स्थानिक भौतिकोपचारतज्ज्ञाला आमंत्रित करून स्नायुबल मोजणे, रुग्णास उठविणे-बसविणे आणि एका श्वासातील अंकगणना यांची प्रात्यक्षिके ठेवता येतील. त्यासाठी ना मोठा खर्च लागतो, ना वेगळी यंत्रसामग्री. एक पलंग, एक खुर्ची आणि शिकण्याची इच्छा पुरेशी आहे.